देवीच्या झोपेचं गाव

सोलापूर सोडून तामलवाडी मागे पडली की रस्त्याच्या कडेला अनवाणी पावलं दिसू लागतात. आश्विन महिन्यात या वाटेने गाडीत बसून जाणाऱ्याला जरा ओशाळल्यासारखं होतं. डोक्यावर परडी घेतलेल्या बाया, खांद्यावर पोर बसवलेले बाप, कन्नडमध्ये गात चाललेले जथे, मधूनच तेलुगू बोलणारी मंडळी. सोलापूर ते तुळजापूर अंतर ४५ किलोमीटर. चालणारे संध्याकाळी निघतात आणि उजाडता देवीच्या दारात पोचतात. रस्ताभर चहा, केळी, खिचडी वाटणारे मांडव असतात. पायांना तेल चोळून देणारेही भेटतात. बालाघाटाचा शेवटचा चढ लागला की चालणाऱ्यांची गाणी थांबतात आणि नुसता घोष उरतो: ‘आई राजा उदो उदो!’ आई आणि राजा हे दोन शब्द एकाच दमात एकाच देवतेला लावलेले तुम्हाला महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळतील.

मी पोचलो ती नवमीची दुपार होती. तुळजाभवानी म्हणजे साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ, महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांची कुलदेवता, छत्रपती शिवरायांच्या भोसले घराण्याचं कुलदैवत. एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. मला ओढ होती ती दसऱ्याच्या पहाटेची. त्या पहाटे इथली देवी स्वतः गाभाऱ्याबाहेर येते. बहुतेक देवळांत मूळ मूर्ती जागची हलत नाही. मिरवायला वेगळी उत्सवमूर्ती असते. तुळजापूरची मूर्ती मात्र चल आहे. सिंहासनावर तिला बसवलेलं असतं, गाडलेलं नसतं. ती उठते, पालखीत बसते, सीमोल्लंघन करते आणि मग थकून झोपते. तीही एक-दोन रात्री नव्हे. वर्षाकाठी तीन वेळा मिळून जवळपास एकवीस दिवस देवी निजलेली असते.

तुळजापूरचं देऊळ नवख्याला चकवतं. डोंगरावरची देवी म्हणून आपण वर बघत चालतो आणि बाजारपेठ संपता संपता वाट खाली उतरते. उताराच्या कुशीत देऊळ आहे, त्यामुळे कळस आधी नजरेस पडतो आणि दरवाजा नंतर. बाजार मात्र देवीच्या बाजारासारखाच. कुंकवाच्या राशी, कवड्यांच्या माळा, हिरव्या बांगड्या, खण-नारळ, पोत, परड्या आणि सोनारांच्या दुकानांतून चांदीचे टाक. घरच्या देव्हाऱ्यातले जुने टाक फडक्यात बांधून आणलेली कुटुंबं इथे पावलोपावली भेटतात. ते देवीला भेटवायचे आणि परत न्यायचे. लग्न झालेलं जोडपं असेल तर हळद अंगावर असतानाच येतं. इथे येणं ही त्यांच्या लेखी सहल नसते, कुळाचारातलं राहिलेलं काम असतं.

महाद्वारांना शहाजीराजे आणि जिजाऊ यांची नावं आहेत. पायऱ्या उतरताना आधी कल्लोळ तीर्थ लागतं. ब्रह्मदेवाने सगळ्या तीर्थांना इथे बोलावलं, तेव्हा ती एकदम धावत आली आणि पाण्याचा कल्लोळ झाला, अशी त्याची कथा. समोर गोमुख तीर्थ. हातपाय धुऊन निंबाळकर दरवाज्यातून आत गेलं की फरसबंदी आवार, होमकुंड, दगडी ओवऱ्या आणि मधोमध हेमाडपंती वळणाचं मंदिर. आवारात मातंगी, यमाई, सिद्धिविनायक यांची छोटी देवळं आहेत. गर्दीत ती बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

गाभाऱ्यातली मूर्ती काळ्या गंडकी शिळेची, उंचीने तीन फुटांच्या आसपास, अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. पण वस्त्रालंकारांच्या आत दडलेली ही शिल्पकृती भाविकाला प्रत्यक्षात फारच थोडी दिसते. उजवा पाय महिषावर रोवलेला, एका हाताने दैत्याची शेंडी धरलेली, त्रिशूळ त्याच्या देहात. बाकीच्या हातांत बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य आणि पानपात्र. दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य. खाली एका बाजूला मार्कंडेय ऋषी आणि दुसऱ्या बाजूला तप करणारी एक बाई. ही बाई म्हणजे अनुभूती, आणि तुळजापूरची मूळ कथा तिचीच आहे.

कर्दम ऋषी वारले तेव्हा त्यांची बायको अनुभूती सती जायला निघाली. मूल लहान होतं, म्हणून आकाशवाणीने तिला थांबवलं. मुलाला मार्गी लावून ती मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. कुकर नावाच्या दैत्याची तिच्यावर नजर गेली. त्याने तिला स्पर्श करताच तिची समाधी मोडली आणि तिने भगवतीचा धावा केला. देवी त्वरेने आली. दैत्याने रेड्याचं रूप घेतलं, देवीने त्याला मारलं आणि अनुभूतीच्या विनंतीवरून ती या यमुनाचल डोंगरावरच राहिली. त्वरेने आली म्हणून त्वरिता, त्याचं पुढे तुरजा आणि तुळजा झालं, असं क्षेत्रमाहात्म्य सांगतं. मला या कथेतली एक गोष्ट लक्षात राहते. एरवीच्या महिषासुरमर्दिनीला सगळे देव आपापली शस्त्रं देऊन लढायला पाठवतात. इथे देवांची सभा नाही, स्वर्गाचं राज्यही पणाला लागलेलं नाही. एका एकट्या विधवेने हाक मारली आणि देवी आली. मूर्तीच्या पायाशी ती विधवा अजून बसलेली आहे.

पुढच्या युगांची जोडणी परंपरेने ठाकठीक केली आहे. कृतयुगात अनुभूतीसाठी, त्रेतायुगात रामासाठी, द्वापरात धर्मराजासाठी आणि कलियुगात शिवरायांसाठी देवी धावली. रामाला तिने लंकेची वाट दाखवली ती जागा म्हणजे गावाजवळची घाटशिळा. त्यामुळे तिला रामवरदायिनी असंही म्हणतात. घाटशिळेवर फारसं कोणी जात नाही. ज्याला थोडी शांतता हवी त्याने जावं.

देवीच्या दिवसाला इथे ठरलेला क्रम आहे. पहाटे चरणतीर्थ, मग दही-दुधाचा अभिषेक, वस्त्रालंकार, नैवेद्य, धूपारती, संध्याकाळी पुन्हा अभिषेक आणि रात्री प्रक्षाळ. सिंहासन पूजा नावाचा प्रकारही आहे. त्यात देवीचं सिंहासन दह्याने, श्रीखंडाने किंवा हंगामात आमरसाने भरतात. ही कामं कुणा एकाची नाहीत. पूजेचा मान भोप्यांचा. मठांचे महंत वेगळे. शिवाय गोंधळी, आराधी आणि इतर सेवेकरी. प्रत्येकाची सेवा ठरलेली आणि प्रत्येकाचा त्या सेवेवर हक्कही ठरलेला. निजामाच्या राजवटीत, १९०९ साली, या देवळाच्या कारभाराचे नियम लिहून काढले गेले. ‘देऊळ-ए-कवायत’ या नावाने ते आजही चर्चेत येतात. आता मंदिर संस्थानाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

या सगळ्या काटेकोर व्यवस्थेत एक गोड मोकळीकही आहे. देवळाजवळ भारतीबुवांचा मठ आहे. देवी तिथे भारतीबुवांशी सारीपाट खेळायला यायची अशी आख्यायिका आहे. महिषासुराला मारणारी देवी दुपारी सोंगट्या टाकते, डाव जिंकते किंवा हरते, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांचं मला फार कौतुक वाटतं. देवीला शस्त्रं सगळ्यांनीच दिली. तुळजापूरने तिला विरंगुळाही दिला.

आणि विरंगुळ्याच्या पुढची पायरी म्हणजे झोप.

पहिली झोप नवरात्राच्या आधीची. भाद्रपद वद्य अष्टमीला संध्याकाळी देवीला सिंहासनावरून उचलून शेजघरातल्या चांदीच्या पलंगावर निजवतात. ही घोरनिद्रा. आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे ती उठते, सिंहासनावर बसते आणि दुपारी घटस्थापना होते. युद्धाआधी देवी बळ साठवते असं इथले लोक सांगतात. दुसरी झोप दसऱ्यानंतरची, आश्विन पौर्णिमेपर्यंत. नऊ दिवस दैत्याशी लढून आलेला शीण घालवायची, म्हणून ती श्रमनिद्रा. तिसरी पौष शुद्ध प्रतिपदेपासून शाकंभरी नवरात्र सुरू होईपर्यंत. तिला मोहनिद्रा म्हणतात. मंचकावरची म्हणून तिन्हींना मिळून मंचकी निद्रा. या दिवसांत सिंहासनावरचे नेहमीचे अभिषेक बंद असतात. झोपलेल्या माणसाच्या अंगावर कोणी गार दही ओतत नाही. देवीला फक्त सुगंधी तेल लावतात.

घोरनिद्रेच्या आधी गाद्यांची तयारी होते, ती पाहायला मिळाली तर चुकवू नये. जुन्या गाद्या-उशा उसवून कापूस काढतात. तो पिंजायचं काम परंपरेने पिंजारी समाजाकडे, म्हणजे मुसलमान कारागिराकडे आहे. पिंजलेला कापूस साफ करायला गावच्या आणि आराधी बाया बसतात. हातांनी कापूस चालतो आणि तोंडाने देवीची गाणी. मग नव्या खोळी, नव्या गाद्या. घरात बाळंतीण यायची असली की बायकांची जी लगबग चालते, तिचाच थाट इथे दिसतो. पुराणांनी सांगितलेला दैत्यवध मला ठाऊक होता. पण त्या वधानंतर देवीचं अंग दुखत असेल, तिला मऊ गादी लागेल, याची काळजी कोणी ग्रंथात लिहून ठेवलेली नाही. ती या बायांनी आणि पिंजाऱ्याने वाहिली आहे.

दसऱ्यानंतरच्या झोपेसाठी तर पलंगही नवा लागतो, आणि तो दरवर्षी लांबून येतो. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात घोडेगाव आहे. पलंग तिथे तयार होतो. जुन्नरकडून तो अहिल्यानगरच्या बाजूला जातो. देवीची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची असते. पलंग आणि पालखी गावोगावचे मुक्काम घेत, प्रत्येक गावात ओवाळून घेत, नवमीपर्यंत तुळजापूर गाठतात. म्हणजे देवीला झोपवायचं तर पुणे जिल्ह्यातला सुतार, नगरचा तेली आणि मराठवाड्यातला भोपी या तिघांनाही हात लावावा लागतो.

पालखीचा मान बुऱ्हाणनगरच्या तेली समाजातल्या भगत घराण्याकडे कसा आला, याची कथा नगरकडे घरोघर सांगतात. जानकोजी नावाचा तेली देवीचा भक्त होता. त्याच्या घरी एक पोरकी मुलगी आली. त्याने तिला लेकीसारखं वाढवलं, नाव ठेवलं अंबिका. तिच्या पायगुणाने घर भरभराटीला आलं. पुढे एक दिवस ती नाहीशी झाली. जानकोजी तिला शोधत रानोमाळ हिंडला आणि अखेर तुळजापूरला आला, तेव्हा त्याला उमगलं की घरी राहून गेली ती लेक म्हणजे भवानीच. तो परत जाईना. देवीने त्याला वचन दिलं की दरवर्षी तू आणलेल्या पालखीतच मी बसेन. कथा खरी की खोटी हा प्रश्न विचारायचा नसतो. तिच्यामुळे काय घडतं ते पाहायचं. तेल्याच्या घरची पालखी आली नाही तर देवीचं सीमोल्लंघन होत नाही. लेक सासरी असली तरी दसऱ्याला माहेरची पालखी तिच्या दारात यायलाच हवी, असा हा हिशेब आहे.

नवमीच्या रात्री मी आवाराच्या कडेला एका ओवरीत जागा धरून बसलो होतो. शेजारी बीडकडची एक आराधीण होती, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट. मी तिला विचारलं, उद्यापासून पौर्णिमेपर्यंत देवी सिंहासनावर नसणार, तरी लोक पौर्णिमेच्या आधीही येतातच ना?

“दमलीय की आई,” ती म्हणाली. “दमल्या माणसाला भेटाया जात न्हाईत व्हय?”

मी गप्प बसलो. तिने परडीतलं थोडं पीठ-मीठ नीट झाकलं आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीला टेकली. पहाटेपर्यंत पुन्हा काही बोलली नाही.

गावातून मिरवत आलेली पालखी आणि पलंग रात्री उशिरा देवळाशी आले. त्यानंतर गर्दीला एक लय येते. आधी कुजबूज, मग पुकारे, मग दूरवरून येणारं संबळ. गाभाऱ्यात काय चाललंय ते बाहेरच्यांना दिसत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. देवीचा अभिषेक होतो आणि मग तिला दिंड बांधतात. दिंड म्हणजे साड्यांचं गुंडाळं. मूर्ती हलवताना तिला धक्का लागू नये म्हणून एकावर एक साड्या लपेटतात. त्या १०८ असतात असं सांगतात. त्यामुळे पालखीत येते ती देवी कमी आणि कापडाचा एक भरगच्च, सुंदर गठ्ठा जास्त दिसतो. दसऱ्याची ही पहाट पाहायला आलेल्या कित्येकांची इथे पंचाईत होते. मूर्तीचा चेहरा शोधत ते पुढे सरकतात आणि तोवर पालखी पुढे गेलेली असते.

पालखी बाहेर आली तशी कुंकवाची पहिली मूठ उडाली, आणि पुढच्या घटकेत आवार लाल झालं. केस, कपडे, फरशी, पोलिसांच्या टोप्या, सगळं एका रंगाचं. संबळाचा आवाज घोषात बुडाला. देवळाभोवती प्रदक्षिणा घालत पालखी पिंपळाच्या पारावर थांबते. आरती होते, नैवेद्य होतो. सीमोल्लंघन म्हणजे वेस ओलांडणं. इथे देवीची वेस तिच्याच देवळाची प्रदक्षिणा. लढाई जिंकून आलेल्या राजाने नगराबाहेर पाऊल टाकावं आणि परतावं तसं हे चालतं. परतल्यावर मूर्ती शेजघरात जाते, दिंड उतरतं आणि नगरहून आलेल्या पलंगावर देवी आडवी होते. हे सगळं फार वेळ चालत नाही. वर्षभर तीन जिल्ह्यांत चाललेल्या तयारीचा परिणाम एवढ्या थोड्या वेळात उरकतो, याचं मला आश्चर्य वाटलं. उजाडता लोक कुंकवाने माखलेल्या अंगाने चहाच्या टपऱ्यांकडे निघाले होते.

मूर्ती चल असण्याचा संबंध इतिहासाशीही लावला जातो. १६५९ साली अफजलखान विजापुराहून निघाला आणि वाटेत त्याने तुळजापूरच्या देवीला उपद्रव दिला, असं मराठी साधनं सांगतात. सभासदाची बखर तर मूर्ती फोडल्याचंच लिहिते. तुळजापुरातली परंपरा वेगळं सांगते: पुजाऱ्यांनी खऱ्या देवीला वेळेवर हलवून लपवलं होतं. बखर बरोबर की पुजारी, याचा निकाल मी लावणार नाही. पण सिंहासनावरून दरवर्षी तीनदा उचलली जाणारी मूर्ती संकटात उचलून नेणं भोप्यांना अवघड नव्हतं, एवढं नक्की. शिवरायांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. त्या काळी तुळजापूर आदिलशाही मुलखात होतं आणि तिथवर जाणं सोपं नव्हतं, हे कारण पटतं. देवीने राजांना तलवार दिली ही कथा नवरात्रात एका अलंकार पूजेतून दरवर्षी उभी केली जाते. रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशाही अलंकार, भवानी तलवार अलंकार, महिषासुरमर्दिनी अलंकार अशा पूजा वेगवेगळ्या माळांना बांधतात. तलवारीच्या पूजेला तरुणांची गर्दी सर्वांत जास्त असते. देवीचं नाव मात्र तलवारीपेक्षा दूर गेलं. तंजावरच्या मराठा राजांत अठराव्या शतकात दोन तुळजाजी होऊन गेले. कावेरीच्या काठी तमिळ प्रजेवर राज्य करणाऱ्या या घराण्याने मुलाचं नाव ठेवताना बालाघाटातली कुलदेवता आठवली.

आवारात मागच्या बाजूला चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर नाही, जागचा हलला नाही तर उशीर. शिवाजीमहाराज मोहिमेआधी इथे कौल घ्यायचे असं पुजारी सांगतात. मी रांगेत उभा राहून लोकांचे चेहरे पाहिले. नोकरी, लग्न, कोर्टातला दावा, पोटपाणी. दगड बहुतेकांचा उजवीकडेच वळत होता.

आराधी आणि गोंधळी यांच्याविषयी न लिहिता तुळजापूरचं वर्णन पुरं होत नाही. आराधी म्हणजे देवीला वाहून घेतलेले लोक. बाया आणि पुरुष दोन्ही. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि पोत. मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायचा हा त्यांचा नेम. श्रीमंत घरची बाईही नवस असेल तर जोगवा मागते. देवीच्या दारात हात पसरण्यात कमीपणा नाही. गोंधळ्यांचं काम वेगळं. लग्नानंतर घरी गोंधळ घालताना ते एकेका देवतेला नाव घेऊन बोलावतात आणि त्या यादीत तुळजापूरची भवानी अग्रभागी असते. संबळ, तुणतुणं, झांजा आणि दिवटी. शिकलेल्या घरांत आता गोंधळ पुष्कळदा तासाभरात उरकतात. गोंधळी पैसे मोजून घेतो आणि पुढच्या घरी जातो. यात त्याचा दोष नाही. रात्रभर ऐकणारे उरले नाहीत.

भवानी ज्योत हा त्यामानाने तरुणांचा प्रकार. घटस्थापनेच्या सुमारास गावोगावची मंडळं तुळजापूरला येऊन ज्योत पेटवतात आणि आळीपाळीने धावत आपल्या गावी नेतात. रात्री घाटात मशाल घेऊन पळणारा पोरगा, मागे हळू चाललेला टेम्पो आणि त्यावरचा कर्णकर्कश डीजे. ज्योत मला आवडते. डीजेबद्दल न बोललेलं बरं. दिवाळीच्या अमावास्येची भेंडोळी याहून जुनी आणि जास्त थरारक. देवीचा कोतवाल असलेल्या काळभैरवाच्या देवळातून लांब दांड्याला बांधलेले पेटते पलिते खांद्यावर घेऊन लोक देवीच्या भेटीला धावत येतात. पौषातल्या शाकंभरी नवरात्रात याच्या नेमकं उलट दृश्य असतं. पापनाश तीर्थावरून डोक्यावर कलश घेतलेल्या बायांची जलयात्रा निघते, थंड पाण्याची आणि संथ पावलांची.

नैवेद्याबद्दलही सांगायला हवं, कारण इथे पुष्कळ जण आवाज खाली करतात. तुळजापूरला पुरणपोळी चालते आणि मटणही. देवी शाक्तांची आहे, नवमीला अजाबली होतो, आणि नवस फेडायला आलेली अनेक कुटुंबं लॉजच्या मागे चुली मांडून बकरं शिजवतात. शाकाहारी भाविकाने बिचकू नये. दोन्ही पंगती एकाच देवीच्या आहेत आणि शतकानुशतकं शेजारी शेजारी बसत आल्या आहेत.

परतताना थेट सोलापूर न गाठता मी नळदुर्गाकडे वळलो. किल्ल्यातला आदिलशाही पाणीमहाल पाहण्यासारखा आहेच, पण मला तिथे नेलं ते खंडोबाने. तुळजापूर तालुक्यातच अणदूर आणि नळदुर्ग ही दोन गावं एकाच खंडोबाची मूर्ती वाटून घेतात. देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मूर्ती नेताना दोन्हीकडचे मानकरी एकमेकांशी लेखी करार करतात. पौष पौर्णिमेला मैलारपूरची मोठी यात्रा भरते, तेव्हा खंडोबा तिथे मुक्कामाला असतो. एका तालुक्यात देवी झोपायला पलंग बदलते आणि देव राहायला गाव बदलतो. जागचं न हलणाऱ्या देवांची सवय असलेल्या माणसाने हा मुलूख एकदा पाहावा.

जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे गर्दीचे दिवस. निवांत दर्शन हवं तर बुधवार-गुरुवार बरा. कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचा पूर असतो आणि वाहतूक वळवलेली असते, तेव्हा गाडीचा भरवसा धरू नये. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम सुरू आहे. तो होईपर्यंत सोलापूर स्टेशनवर उतरून एसटी धरणं सोयीचं. अभिषेक किंवा सिंहासन पूजा करायची असेल तर निद्रेचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा त्या होत नाहीत. उलट पलंगावर निजलेली देवी पाहायची असेल तर दसऱ्यानंतर एकादशी ते चतुर्दशीच्या आत पोचावं. पौर्णिमेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर बसते. तिथी दरवर्षी पुढेमागे होते, तेव्हा तिकीट काढण्याआधी पंचांग पाहून घ्या.